मॅडम, टोंगळा दुखते

जिल्हा परिषदेच्या शाळेत पीटीला वेगळा शिक्षक नसतो, हे मला रुजू होईपर्यंत ठाऊकच नव्हतं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात तशी सोय आहे. सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक द्यायचे. आमचा पट शंभराच्या पुष्कळ खाली, त्यामुळे निदेशकाचा प्रश्नच मिटला. विषय मात्र मिटत नाही. वेळापत्रकात तास आहे, प्रगतिपत्रकात रकाना आहे, रकान्यात श्रेणी भरायची आहे. असा विषय मग सगळ्यांत शेवटी रुजू झालेल्याच्या गळ्यात पडतो. "मॅडम, तुम्ही तरुण आहात, पीटी तुमच्याकडेच शोभते," असं म्हणून मुख्याध्यापक सरांनी मला एक शिट्टी आणि कपाटाची किल्ली दिली.

मी सांगलीकडची, भाषेची शिक्षिका. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरले आणि यवतमाळ जिल्हा पदरात पडला. शाळेत असताना मी पीटीच्या तासाला पोटात दुखतंय सांगून झाडाखाली दप्तरं राखत बसणाऱ्यांपैकी होते. कपाटात हवा गेलेले दोन फुटबॉल, गंजलेल्या लेझमी, दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या आणि लाकडी डंबेल्सचा एक विजोड ढीग निघाला. समग्र शिक्षामधून उच्च प्राथमिक शाळेला क्रीडा साहित्यासाठी वर्षाला दहा हजार रुपये मिळतात, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी त्या ढिगाकडे बघून एवढंच वाटलं, की व्याकरण बरं.

शाळा पांढरकवड्याहून आत, टिपेश्वर अभयारण्याच्या अंगाला. काही मुलं गावातली, काही आसपासच्या कोलाम पोडांवरून, म्हणजे वस्त्यांवरून, चालत येणारी. घरी कोलामी, मैदानावर वऱ्हाडी, पुस्तकात पुण्याची मराठी, माझ्या तोंडी सांगलीची आणि कवायतीचे हुकूम हिंदीत: 'दहिने मूड', 'पीछे मूड'. पहिल्या तासाला मी 'दहिने मूड' म्हटल्यावर निम्मी रांग डावीकडे वळली, उरलेली माझ्याकडे बघत राहिली आणि मागून कोणीतरी म्हणालं, "कायले मुडाचं मॅडम, तिकडं त ऊन हाय." मला उत्तर सुचलं नाही, कारण ऊन खरंच तिकडेच होतं.

पण माझा खरा गोंधळ वेगळाच होता. या मुलांना मी व्यायाम म्हणून काय शिकवायचं? पोडावरची पोरं शाळेत यायलाच माझ्या जन्मात मी चालले नसेन इतकं चालतात. झाडावर चढणं, गुंडानं पाणी आणणं, बकऱ्यांमागे धावणं हे त्यांच्या वेळापत्रकात आधीपासूनच आहे. कापूसवेचणीच्या हंगामात सुट्टीचे दिवस पराटीत वाकून काढलेल्या पोरीला सोमवारी 'कमरेतून पुढे वाका, पायाचे अंगठे धरा' असं सांगताना जीभ अडखळते. ती अर्थातच सहज वाकते. मीच अर्ध्यावर थांबते.

पुस्तकी सल्लेही इथे चालत नाहीत. पहाटे धावायला लावा, असं एका प्रशिक्षणात सांगितलं होतं. वाघाच्या मुलखात पहाटे पोरांना रस्त्यावर कोण सोडेल? याच पट्ट्यात २०१८ च्या नोव्हेंबरात माणसं मारल्याचा ठपका असलेली 'अवनी' वाघीण मारली गेली. त्याआधीची भीती आया अजून विसरलेल्या नाहीत. योग दिनाचंही तसंच. तो २१ जूनला, आणि विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यामुळे उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. फोटो मात्र वेळेत मागितले जातात.

शेवटी मी खेलो इंडियाच्या चाचण्यांचा आधार घेतला. त्यात निदान काय मोजायचं ते लिहिलेलं असतं. लहानांसाठी उंची-वजन, एका पायावर तोल सांभाळणं, ताटल्यांना आलटून पालटून हात लावणं. मोठ्यांसाठी पन्नास मीटर, सहाशे मीटर, बसून पुढे वाकणं, पोटाचे व्यायाम, पुशअप्स. आमच्या पटांगणात सहाशे मीटर सरळ बसत नाहीत, गोल फेऱ्या माराव्या लागतात. कोपरे दाखवायला काहीतरी हवं होतं. मी म्हटलं, दगड आणा. आठवीची पोरं गेली आणि दगडांऐवजी प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन आली. हलक्या, एकसारख्या, लांबून दिसणाऱ्या. चार कोपऱ्यांवर त्यांनी त्या माती भरून उभ्या केल्या. कल्पना झकास होती. जवळ जाऊन बघितलं तर प्रत्येक बाटलीवर एक चौकोन, त्यात खालच्या अर्ध्या भागात रंग. दोन पिवळे, एक निळा, एक लाल.

शेताच्या धुऱ्यावर पडलेल्या कीटकनाशकाच्या बाटल्या होत्या त्या. एका पोराच्या हाताला उरलेल्या औषधाचा वास येत होता आणि तोच हात तो नाकाखाली पुसत होता. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. मी तेव्हा सांगलीत बसून ती बातमी वाचली होती आणि पान उलटलं होतं. इथे त्या बातमीतल्याच बाटल्या लावून माझ्या मैदानाचे कोपरे आखले गेले होते.

सहाशे मीटर त्या दिवशी राहिले. साबण आणला, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत धुतले आणि बाटल्या लांबून दाखवत तास घेतला. लाल म्हणजे अतिशय विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. हिरव्याचा अर्थ 'चालतंय' असा होत नाही, हे तीनदा सांगावं लागलं. मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहिती होती. कोणतं औषध कोणत्या अळीला, पंपाला किती झाकणं, हे सातवीतला पोरगा घडाघडा सांगत होता. 'झाकण' हेच माप, कारण घरात दुसरं माप नसतं. वाऱ्याच्या दिशेला पाठ करून फवारायचं, हेही त्याला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की डोळे चुरचुरणं, लाळ सुटणं, मळमळ आणि घाम ही थकव्याची लक्षणं नसून विषाची असू शकतात. "बाबाले त दर साली होते मॅडम," तो म्हणाला. आरोग्यशिक्षणाचा माझा पहिला धडा असा आखणीच्या नादात झाला. टाचणवहीत त्या तासापुढे 'सहाशे मीटर धावणे' असं आधीच लिहून ठेवलेलं होतं.

पुढच्या आठवड्यात दगड लावून धावणं झालं. बहुतेकांनी अनवाणी. उंची-वजनाच्या तक्त्यात ज्यांच्यापुढे 'कमी' पडलं होतं, त्यातलीच काही पोरं सगळ्यांच्या पुढे होती, आणि त्या दोन आकड्यांचा मेळ मला अजूनही घालता येत नाही. एक मुलगी मात्र धावलीच नाही. सहावीतली, बारीक अंगाची, वर्गात पहिल्या बाकावर बसणारी.

"मॅडम, टोंगळा दुखते."

टोंगळा म्हणजे गुडघा, एवढं मी तोवर शिकले होते. पीटीच्या तासाला गुडघे दुखण्याचा इतिहास तर मला चांगलाच माहीत होता. मी तिला सावलीत बसवलं आणि पोरींच्या पुढच्या फेरीकडे वळले. मुख्याध्यापक सर व्हरांड्यातून बघत होते. तास संपल्यावर म्हणाले, "तिचं खरं असते बरं का. तिच्याजवळ सिकलसेलचं कार्ड आहे."

सिकलसेल हा शब्द मी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात वाचला होता. नकाशावर 'आदिवासी पट्टा' म्हणून रंगवलेला असतो तो. आता तो सावलीत दप्तरांजवळ बसला होता. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी न कंटाळता समजावलं. रक्तातल्या गोल लाल पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे कळ उठते. गुडघे, कंबर, छाती, कुठेही. थंडी, ताप, अंगातलं पाणी कमी होणं आणि दमछाक, ही चार कारणं कळ उठवतात. मी मनात मोजलं: माझ्या तासात यातली किमान दोन हमखास असतात.

आई आणि बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. वाहकाला एरवी काही होत नाही, उलट मलेरियाचा जोर त्याच्यावर कमी चालतो. म्हणूनच जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता त्या जंगलपट्ट्यांत, आफ्रिकेत आणि आपल्याकडेही, हा गुण टिकून राहिला. गोंड, कोलाम, परधान ही इथली घरं, पण विदर्भात तो दलित आणि इतर समाजांतही आहे. २०२३ च्या १ जुलैला मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेची सुरुवात झाली, चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. शाळेत बोटातून थेंब घेऊन होते ती पहिली चाचणी. पक्कं निदान पुढच्या तपासणीत.

"मग तिला बसवूनच ठेवू?" मी विचारलं. मला तेच सोयीचं होतं.

"बसवायचं कशाला? खेळू द्या. दमवू नका. मधेमधे पाणी, थंडीत स्वेटर, आणि ती 'पुरे' म्हणाली की पुरे. छातीत दुखलं किंवा ताप आला तर थांबायचं नाही, सरळ इकडे आणायचं."

वाहकांविषयी ते एक गोष्ट बोलले ती मी नंतर शोधून वाचली. अमेरिकेत २००६ साली राइस विद्यापीठाचा डेल लॉईड नावाचा एकोणीस वर्षांचा फुटबॉल खेळाडू सरावात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो आजारी नव्हता, फक्त वाहक होता. त्यानंतर २०१० पासून तिथल्या वरच्या श्रेणीतल्या विद्यापीठीय खेळाडूंची ही तपासणी नियमात आली. म्हणजे माझ्या रांगेतल्या ज्या धडधाकट पोरांची तपासणी झालीच नाही, त्यांनाही मार्चच्या उन्हात 'अजून एक फेरी' म्हणताना विचार करायला हवा. शिट्टी हातात घेतली की माणसाला 'अजून एक' म्हणायची फार हौस येते.

गोळ्यांचं आणखी वेगळं. आठवड्यातून एकदा पोषण आहारानंतर लोहाच्या गोळ्या द्यायच्या असतात, पाचवीपर्यंत गुलाबी, सहावीपासून निळ्या. हे कामही 'आरोग्य' म्हणून माझ्याच खात्यात. त्या मुलीला निळी गोळी नाही. सिकलसेलच्या रुग्णाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लोह द्यायचं नसतं. तिला फोलिक अॅसिड वेगळं मिळतं. वर्गातल्या सगळ्यांसमोर गोळ्या वाटताना एकीला वगळलं की पोरं लगेच विचारतात. तिनंच उत्तर दिलं, "माही येगळी हाय. पिवळी." त्यानंतर दोन पोरांनी आम्हालाही पिवळीच पाहिजे म्हणून हट्ट धरला.

हे सगळं कळल्यावर मी उत्साहात वर्गात जाहीर करून टाकलं, की पीटीच्या तासाला प्रत्येकानं बाटली भरून पाणी आणायचं आणि संपवायचं. आणि इथे मी आणखी खोल फसले. कारण प्रश्न आला, कोणतं पाणी?

आधी दातांचं सांगते. परिपाठात स्वच्छतेची तपासणी असते: नखं, केस, दात. एका मुलाच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. मी त्याला रोज दात घासायला सांगत होते आणि तो रोज मान हलवत होता. मग तसे दात चौथीत दिसले, सातवीत दिसले, पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंचे दिसले. यवतमाळच्या या भागात जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, पांढरकवडा, झरीकडे तर ठिकठिकाणी. पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅम ही आपली मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी लहानपणी पोटात गेलं, की हिरडीच्या आत तयार होणाऱ्या दातांवरच डाग बसतात. ते बाभळीच्या काडीनं जात नाहीत आणि पेस्टनंही जात नाहीत. पाणी वर्षानुवर्षं तेच राहिलं तर सांधे आणि पाठीचा कणा आखडतो. गावात कमरेत वाकलेली म्हातारी माणसं बघून मी ते कष्टाचं वाकणं धरलं होतं. असेलही. पण सगळंच तसं नसेल.

आता हिशेब बघा. एका मुलीला डॉक्टर सांगतात भरपूर पाणी पाज. दुसरीकडे हातपंपाचं पाणी जितकं कमी प्यावं तितकं बरं. नळाला पाणी येतं त्या दिवशी ठीक. नाही आलं की? आणि 'टोंगळा दुखते' म्हणणाऱ्या पोरांचं आता मी काय करू? एकीचा सिकलसेलनं दुखतो, एखाद्याचा पाण्यानं दुखत असेल, एकीचा काल दिवसभर वेचणी केली म्हणून, आणि एकाचा नक्कीच दुखत नाही, त्याला फक्त माझी कवायत आवडत नाही. चारही जण अगदी एकाच सुरात सांगतात. शारीरिक शिक्षणाच्या कुठल्याही पुस्तकात पळवायचं कसं हे आहे, न पळणाऱ्याला विचारायचं काय हे नाही. मी माझ्यापुरते प्रश्न ठरवले. कधीपासून? दोन्ही की एकच? रात्री झोपेतून उठवतो का? काल काय काम केलंस? ताप? सातवी-आठवीच्या मुलींना आणखी एक प्रश्न बाजूला नेऊन विचारते, कारण त्यांचा टोंगळा कधीकधी पाळीच्या पोटदुखीचा आडपडदा असतो. महाराष्ट्रात २०१८ च्या ८ मार्चला 'अस्मिता' योजना आली, शाळकरी मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत. आमच्या मुलींना योजनेचं नाव ठाऊक आहे. पॅड कुठे टाकायचं हे मात्र त्या मलाच विचारतात, आणि शाळेच्या मागे त्यासाठी खड्डा करायला मी सरांना सांगितलं तेव्हा सर आकाशाकडे बघत 'हो हो' म्हणाले. खड्डा झाला, एवढं खरं.

खेळ शिकवायला मात्र देवासारखा माणूस भेटला. जवळच्या गावात राहणारे एक निवृत्त क्रीडाशिक्षक. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले. १९१४ साली वैद्य बंधूंनी काढलेली ती संस्था. तिच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती, हे ते असं सांगतात की जणू स्वतः लंगोट कसून तिथे गेले होते. त्यांनी एका दुपारी सुतळी, खुंट्या आणि फक्की घेऊन खो-खोचं मैदान आखून दिलं. दोन खांब, मधली पट्टी, आठ चौकोन. फक्की संपल्यावर उरलेल्या रेषा चुलीतल्या राखेनं मारल्या. "मॅडम, साहित्य मागत बसू नका. खो-खोले दोन खांब आन पोरं लागतात. बाकी तोंड," असं म्हणून त्यांनी असा 'खो' दिला की व्हरांड्यातली कुत्री उठली.

खेळ मला त्या दुपारी पहिल्यांदा कळला. आठ जण चौकोनात एकाआड एक उलट्या तोंडानं बसायचे, नववा पाठलागाला. त्यानं एकदा दिशा धरली की खांब ओलांडेपर्यंत मागे फिरायचं नाही, मधली पट्टी ओलांडायची नाही. पळणाऱ्याला दोन्ही मोकळीका. म्हणून पाठलाग करणाऱ्यानं पाय जितके चालवायचे त्याहून डोकं जास्त चालवायचं: बसलेल्याच्या पाठीला हात लावून मोठ्यानं 'खो', आणि त्याच्या जागी आपण बसायचं. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, दोन्ही गटांत भारत जिंकला. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. माझ्या फोनवर ते तुकडे पोरांनी इतक्यांदा बघितले की डेटा संपला.

आता त्या मुलीचं काय? मी तिला शिट्टी दिली, म्हटलं तू पंच. दोन डाव तिनं पंचगिरी केली. चांगली केली, माझे दोन निर्णय फिरवले. तिसऱ्या दिवशी शिट्टी माझ्या टेबलावर आणून ठेवली. "मले नको शिट्टी. मले बसू द्या खेळात."

तोड पोरांनीच काढली, मी नाही. आठवीची कर्णधार म्हणाली, "मधात बसवा तिले." खांबाजवळच्या चौकोनातल्याला वळण घेऊन लांब पळावं लागतं, झेप घ्यावी लागते. मधल्या चौकोनात उठलं की दोन-चार पावलांवर पुढचा खो. तिनं उठायचं, दोन ढांगा टाकायच्या आणि लगेच खो देऊन खाली. पळणारी म्हणून तिला उतरवायचंच नाही. हा बेत त्यांनी मला न विचारता आखला होता आणि तो चालला. ती खो इतक्या पटकन देते की समोरची पळणारी चकते. थंडीत, डिसेंबरात, ती काही दिवस शाळेत आली नाही. दवाखान्यात भरती होती. परत आली तेव्हा स्वेटरवर स्वेटर घालून सरळ मधल्या चौकोनात जाऊन बसली. मी तिला खेळाआधी माझे ठरलेले प्रश्न विचारले. तिनं सगळी उत्तरं एका दमात दिली, कारण ती तिला पाठ झाली होती.

पाण्याचा तोडगा अर्धामुर्धाच आहे. नळाच्या पाण्याचे दोन ड्रम शाळेत झाकून ठेवतो. नळ आला नाही तर सरांच्या गाडीवरून, पाण्याची चाचणी झालेल्या शेजारच्या गावातून एक कॅन येतो. दर पाच मिनिटांनी मी तिला बाटली दाखवते. परवा वैतागून म्हणाली, "किती पाजता मॅडम, म्हैस समजता का मले?"

वर्षाअखेरीला वर्णनात्मक नोंदी लिहायच्या होत्या. नमुन्यात छापील वाक्यं असतात: 'खेळात उत्साहाने सहभागी होते', 'सांघिक भावना जोपासते'. मी तिच्यापुढे लिहिलं, 'मधल्या चौकोनात बसते. खो लवकर देते. थांबायचं कधी ते स्वतः सांगते.' तपासायला आलेल्या साहेबांनी चष्मा वर केला आणि विचारलं, हे कोणत्या नमुन्यातलं? सर मधे पडले, "साहेब, मॅडम भाषेच्या आहेत." साहेबांनी सही केली आणि पुढच्या वर्षी स्काऊट-गाईड कोणाकडे आहे ते विचारलं.